आडवा हात

ताटावर आडवा हात धरून कोणी 'नको' म्हणालं, तर तुम्ही काय करता? वाढताच ना?

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी मावशी वाढत नसे. तिची पळी तिथेच थांबायची आणि ती पुढच्या ताटाकडे वळायची. पाहुणे रुसायचे, हिला आग्रह माहीत नाही म्हणायचे. तिचं उत्तर ठरलेलं. "मले तोंडाचं आयकू येते बाप्पा, पोटातलं नाही."

देऊळघाटजवळच्या कॉलेजच्या शिबिरात मी मुलींच्या संमतीवर बोलायला गेले, तेव्हा स्वयंपाकाला तीच होती. मी पत्रकं वाटली, कायद्याची कलमं सांगितली, आवाज चढवला. मागच्या रांगेतल्या एका मुलाने मलाच समजावलं, पोरगी आधी नाहीच म्हणते, तिला तसं म्हणावंच लागतं. सगळे हसले. एक मुलगी तेवढी खाली बघून पत्रकाच्या घड्या घालत राहिली.

दुपारी पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी. त्याच मुलाने रिवाजाप्रमाणे हात आडवा धरला. मावशी पुढे गेली.

"काऊन वं मावशी, आग्रह तं कर."

"नको म्हनला ना तू?"

"तसं म्हनाच लागते. दोनदा नको, मंग घ्याचं."

समोरच्या रांगेतून ती घड्या घालणारी मुलगी बोलली. "मीनं तुले तीनदा नाही म्हनलं. तिन्ही खेपा खरंच म्हनलं."

तो अर्धपोटीच उठला.

नंतर ती मुलगी चुलीमागे रडत बसलेली दिसली. मी धावत जाऊन मिठीच मारणार होते, पण मावशीने मला नजरेनेच अडवलं. राखेचे हात पदराला पुसून तिने विचारलं, "जवळ घेऊ का तुले?" आणि थांबली. मुलीची मान होकाराने हलायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मावशीचे हात तसेच पुढे धरलेले होते.

मोताळ्याच्या एसटी स्टँडवर तो तिची वाट अडवायचा; ते त्यानंतर बंद झालं, हे त्या मुलीनेच मला सांगितलं.

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. शिबिरं होतात, मी अजून बोलते. पण माझ्या आडव्या हाताला न जुमानता कोणी प्रेमाने भाजी वाढलीच, की तिची आठवण येते आणि ती भाजी ताटातच राहते.

आज तुमच्याही घरी कोणीतरी नको म्हणेल. पोरं बघत असतील. पळी मागे घ्या.