जर्द्याच्या वासाचं घर

कुहीच्या स्टँडवर नागपूरची एसटी घरघरत उभी होती आणि माय खिडकीतून माझ्या हातात बीड्यांचा पुडका कोंबत होती. पासष्ट-सहासष्टची गोष्ट. शिदोरीत भाकरी-ठेचा होताच, त्यावर हा पुडका. कारखान्याच्या माणसानं नापसंत करून परत टाकलेल्या बीड्या होत्या त्या, कोणी वाकडी, कोणी ढिली. आमच्याकडे त्यांना छाट म्हणत. बाप मी लहान असतानाच गेला, त्याच्यामागोमाग हातमाग गेला, आणि मायनं बीड्या वळायला तेंदूपानांचं सूप मांडीवर घेतलं ते घेतलंच. गाडी हलली तशी ती बाजूनं चालू लागली. "कोणाले काही इचाराचं असंन त पहिले बीडी देजो, बापू. मंग इचारजो."

परक्या गावात लेकराला उपाशी मरू द्यायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. आणि खरं सांगतो, त्या सल्ल्यानं मला जितकं दिलं तितकं माझ्या सातवीच्या दाखल्यानं दिलं नाही. गिरणीच्या फाटकाशी मी जॉबरला, म्हणजे माणसं लावून घेणाऱ्या मुकादमाला, आधी बीडी दिली आणि मग नोकरीचं विचारलं. खोली मिळाली ती बीडीवर. गिरणीच्या आत, कापसापाशी, काडी ओढायला सक्त मनाई. म्हणून सुटी झाली की सगळे नळाजवळ जमायचे. एका काडीवर चार जणांच्या बीड्या पेटायच्या. नागपुरात मला ओळखत कोण होतं? पण त्या नळाजवळ मी कोणाचा तरी होतो.

तुम्ही जे गावातच राहिलात, त्या तुम्हाला आमच्या घराचा वास सांगायला नको. तुमच्याही घरांना तोच आहे. पण ज्यांच्या घरी कधी बीडी वळली गेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ओल्या तेंदूपानांचा हिरवट वास आणि त्यावर जर्द्याचा, म्हणजे बीडीत भरायच्या तंबाखूचा, कोरडा, घशात बसणारा. तो भिंतींत असतो, गोधडीत असतो, वरणातसुद्धा असतो. मी मायच्या मांडीला डोकं लावून निजायचो तेव्हा माझ्या कानाशी तिची कैची चालायची आणि नाकात जर्दा जायचा. मिसरूड फुटायच्या आधीच मी छाट बीड्या ओढायला लागलो. माय रागावली नाही. गावात सगळेच ओढत. ओढत नव्हती ती फक्त वळणारी बाई.

लग्न झालं, कमल आली, आणि वर्ष सरायच्या आत मी रुमालात रक्त थुंकलो. टीबी. वॉर्डात एक डॉक्टरीणबाई होत्या, तोंडाच्या फटकळ. माझा एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाल्या, "बीडी पियोगे तो दवा नाली में डालो. क्यों मेहनत करते हो?" मग कमलकडे वळून मराठीत म्हणाल्या, "याला धुराजवळ जाऊ देऊ नका. वाससुद्धा नको. ही माणसं वासानं परत सुरू करतात." मला त्या बाईचा फार राग आला. राग यायचं कारण म्हणजे ती खरं बोलत होती.

बीडी सोडणं म्हणजे काय ते ज्यानं सोडली त्यालाच ठाऊक. मी लवंग चघळली, बडीशेप चघळली, काडेपेटीतल्या काड्या चावून चावून त्यांचा भुगा केला. हात कुठे ठेवावेत कळेना. जेवण झालं की छातीत कोणीतरी आतून दार ठोकतंय असं व्हायचं. कमलवर मी विनाकारण खेकसायचो आणि ती लवंगांची डबी पुढे सरकवायची, त्यानं आणखी चिडायचो. कामावर परत गेलो तर सुटीत नळाकडे जाता येईना. मित्र हाका मारत, "काहून गा, आमचा इटाळ झाला का तुले?" मी बंद साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मधोमध एकटाच डबा उघडायचो. महिन्याभरात हाका थांबल्या. माणसं बीडीसोबतच आली होती, बीडीसोबतच गेली.

आणि तलफ यायची ती बीडीची का घराची, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही. डोळे मिटले की दोन्ही एकदम यायच्या.

माय भेटायला आली तेव्हा तिनं आधी राखेनं हात घासले होते, मग लिंबानं, मग पुन्हा राखेनं. लुगडं शेजारच्या सकूबाईचं मागून नेसलं होतं, तेही धुऊन. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं कमलनं तिला कोणाच्या तरी हाती कळवलं होतं. म्हातारी हात पदरात गुंडाळून बसली, जसा काही तिनं गुन्हा केला होता. पण निघताना तिला राहवलं नाही. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. वीस वर्षांचा जर्दा लिंबानं जातो होय? माय गाडीत बसली असेल-नसेल, तोवर मी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर होतो. एक ओढली, मग पुडकाच संपवला. आठवड्यात पुन्हा रक्त पडलं आणि पुन्हा वॉर्ड.

माय पुन्हा आली, पण वॉर्डात आली नाही. फाटकापाशी उभी राहून तिनं कमलजवळ निरोप ठेवला. "त्याले सांगजो वं, मी आता येत नाही. अन् त्यानं बी घरी येऊ नये. सूप सोडलं त खाऊ काय? अन् सूप हाये तथपर्यंत माहं घर त्याच्यासाठी नाही."

कमलनं निरोप जसाच्या तसा सांगितला आणि तोंड फिरवलं. जिच्या पोटी जन्मलो तिनं घर बंद केलं होतं, आणि मी जगावं म्हणून बंद केलं होतं. भांडायचं तरी कोणाशी?

वर्षं गेली. आम्ही नागपुरातच प्रताप नगरात दोन खोल्या घेतल्या. तेव्हा तिकडे निम्मे प्लॉट रिकामेच होते. मुली झाल्या, शाळेत जाऊ लागल्या. माय दर हंगामाला कोणाच्या तरी हाती तांदूळ पाठवायची. कमल तो दिवसभर गच्चीवर उन्हात पसरायची आणि मगच डब्यात भरायची. दिवाळीला गिरणीतले सगळे आपापल्या गावी जात. मी ओव्हरटाइम घेत असे. साहेब मला कामसू समजत.

मग मायचे हात थरथरू लागले. तिच्या बीड्या सगळ्याच छाट निघायला लागल्या आणि ठेकेदारानं तिला पानं देणं बंद केलं. आता सूप नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे येऊ शकत होती. गोष्ट वाईट म्हणावी की चांगली, मी तिला स्टँडवर घ्यायला गेलो तेव्हा हसावं की रडावं कळेना. मुलींनी आजीला पहिल्यांदाच पाहिलं. त्या तिच्या अंगाखांद्यावर झोंबल्या. मी तिच्याजवळ बसून जेवलो. वास नव्हता. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

आठ दिवसांतच तिचं डोकं दुखायला लागलं. झोप लागेना. घास गिळवेना. मुलींवर ओरडायची, मग त्यांनाच जवळ घेऊन रडायची. बोटं एका जागी राहत नसत. बसची तिकिटं, कॅलेंडरचा कागद, मुलींच्या वहीचं पान, हाती येईल ते ती वळायची, टोक दुमडायची, सुपात टाकल्यासारखं मांडीवर टाकायची. कमल म्हणाली, म्हातारपण आहे. मी ओळखलं. हे सगळं मी भोगलं होतं. मायनं जन्मात एक झुरका मारला नव्हता, पण जर्दा तिच्या बोटांतून, श्वासातून इतकी वर्षं आत जात होता. न ओढलेली बीडी तिला सोडावी लागत होती, तीही त्या वयात.

मी तिला लवंग दिली. बडीशेप दिली. जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की हळूहळू कमी होतं, माय, थोडं सोस. ती ऐकून घ्यायची. एके दिवशी म्हणाली, "तुले जगाचं होतं, बापू, म्हणून तू सोसलं. मले काहाले सोसाले लावतं? मले घरी ने."

नेलं. घरात आता सकूबाई बीड्या वळायला बसायची; तिच्या घरी जागा नव्हती, नागपूरला येताना मायनंच तिला तिथं बसायला सांगितलं होतं. मी मायला हाताला धरून अंगणातून दारापर्यंत आणलं आणि आतून तो वास आला. इतक्या वर्षांनी. सकूबाईनं तिला टेकून बसवलं, मांडीवर सूप दिलं, आणि मायनं ओंजळभर जर्दा उचलून नाकाशी नेला. तिचा चेहरा बघता बघता मोकळा झाला. मी उंबऱ्यावर पाय ठेवला तर ती एकदम सावध झाली. "आत नोको येऊ, बापू. येथं लय वास हाये. बाहीरच राय."

मी बाहेर राहिलो. अंगणातल्या बाजेवर निजलो, तिथंच जेवलो. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं, सकूबाईला छाट कशी ओळखायची ते शिकवताना. माझ्याशी ती दारातून बोलायची. मी ठीक आहे ना, जेवलो ना. मग एका सकाळी बोलणं आलं नाही आणि सकूबाई पदर तोंडाला लावून बाहेर आली.

मयताची आंघोळ अंगणातच घालतात, म्हणून बायांनी तिला बाहेर आणलं. मी तिचे हात धरले आणि तोंडाला लावले. लोकांना वाटलं मी रडतोय. रडतही होतो. पण त्या हातांचा वास छातीत गेला आणि मला बीडी हवीशी झाली. माय समोर पडली होती आणि मला बीडी हवी होती. भोवती सगळ्यांच्या खिशात होत्या. मी मागितली नाही. तिनं त्यासाठी काय काय दिलं होतं ते मला ठाऊक होतं.

आता मुलींना कोणी गाव विचारलं तर त्या प्रताप नगर सांगतात. मी कुहीकडचं सांगतो. घर अजून उभं आहे, सकूबाई आणि तिची सून तिथं बसतात. मी वर्षातून एकदा जातो. सकूबाई अंगणात बाज टाकते, चहा आणून देते, म्हणते, "आत ये ना गा, तुहंच घर हाये." मी चहा पितो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतो. मनाई मायनं केली होती, आणि ती उठवायला आता कोणी राहिलेलं नाही.