मला वर नेणारे दोघे

"तुमच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. मायट्रल स्टेनॉसिस," परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. झडप म्हणजे हृदयातलं दार. माझं दार नीट उघडत नव्हतं, म्हणून रक्त तुंबून फुप्फुसांत पाणी साचत होतं. आणि मी समजत होते, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत घसा फोडल्यामुळे दम लागतोय!

लालबागच्या चाळीत माझा श्वास कोंडला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून मला खुर्चीत बसवून खाली आणलं ते यजमानांच्या गिरणीतल्या दोघा दोस्तांनी. दगडूभावजी चळवळीतले, पुढं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. शांतारामभावजी माळकरी, खादीच्या टोपीचे, सरकार पक्षाचे. दोघं कडाकडा भांडत आणि डबा एकत्र खात.

इस्पितळात मीठ बंद, म्हणजे सुकटही बंद. कोकणातल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. ठोके ताब्यात राहावेत म्हणून डिजिटॅलिसची गोळी होती. शांतारामभावजी विठोबाचा बुक्का घेऊन येत. "लाव तू, मी पाणी घेऊन येतो," म्हणत दगडूभावजी तांब्या उचलत.

मग मोर्च्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. आपली माणसं पडली. त्यानंतर दगडूभावजी एकटेच येऊ लागले, आणि शांतारामभावजींचं नाव निघालं की तांब्या उचलून पाण्याला जात.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जिना चढायचा नाही. अजिबात."

चाळीखाली खुर्ची तयार होती. शांतारामभावजी लांब उभे होते. चाळीने ठराव केला होता: त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना नळावर पाणी भरू द्यायचं नाही. चाळ कमिटीचे अण्णा म्हणाले, "वहिनी, दुसरी बाजू मी धरतो."

"शांतारामभावजी धरतील."

"त्यानं हात लावायचा नाही. गोळ्या घालणाऱ्यांचा माणूस तो!"

"मग मी इथंच बसते." आणि बसले. पाय सुजायला लागले. यजमान म्हणाले, "अगं, हट्ट कसला करतेस? मरशील." मी म्हटलं, मरेन, पण खाली मरेन. त्या गोळीबारासाठी मीही रडले होते. पण म्हणून मला उचलून नेणारा माणूस मी टाकून देणार नव्हते.

दगडूभावजींनी खुर्चीची मागची बाजू धरली. मग म्हणाले, "अण्णा, आपले कोण पडले ते मी विसरलो नाय. ह्याच्याशी मी जन्मभर भांडेन. पन ह्याचं पाणी तोडताय? नळावरनं हाकलनं काय असतं, ते मला इचारा."

अण्णा खुर्चीपासून बाजूला झाले.

"शांताराम, ये रे. तू पुढं हो."

पहिला मजला झाला. दुसऱ्यावर मागून दगडूभावजींचा आवाज आला, "त्या दिवशी ह्या टोपीची लाज वाटली नाय?"

"वाटली रे," शांतारामभावजी म्हणाले. "पण टोपी काढणार नाय."

"नको काढू. पायरी बघ."

त्या दोघांचे उपकार मी कधी विसरणार नाही. ज्या बायांना हा आजार आहे त्यांनी गोळ्या चुकवू नयेत, मीठ सोडावं, जिना टाळावा. आणि आपल्याला कोणी उचलायचं, हे चाळीला ठरवू देऊ नये.