दक्षिणेकडे धरलेला डबा

माझ्या खोलीमालकिणीच्या थोरल्या दिरांनी मला मदत केली, हे आधीच सांगून टाकतो. कारण गोष्ट ऐकताना लोक हसतात आणि मदत तेवढी बाजूला राहते. अख्ख्या घिवलीत ह्या काकांइतका खुळा माणूस नाही, आणि त्यांच्याइतका कामाचाही नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी गावातली छपरं एकमेकांशी बोलती करायचा ध्यास घेतलाय. घरोघर वायरलेसचे खोके बसवलेत. सडकेवरच्या दुकानातलं केबलचं इंटरनेट एक खोका दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. आधी खोक्यांना साध्या काड्या होत्या. "काडी चारी बाजूला बोलते, म्हणून लांब पोचत नाय," असं म्हणून काकांनी तुपाचे रिकामे डबे मागून आणले आणि त्यांचे अँटेना केले. डबा एकाच दिशेला बोलतो, पण चिकूची वाडी ओलांडून जातो. फक्त समोरच्या डब्याचं तोंड आपल्याकडं पाहिजे. मी सातवीत शाळा सोडलेला, तरी मला हे त्यांनी इंजिनिअरला सांगावं तसं सांगितलं. काका स्वतःही डब्यासारखेच. एकाशी बोलायला लागले की मागून काकूंनी जेवायला कितीही हाका माराव्यात, ऐकूच जात नाही.

तिकडं माझ्या घरी, नांदेडला आईचं ऑपरेशन, आणि नेमका त्याच दिवशी वाऱ्यानं मोबाइलचा टॉवर बंद. बहीण काकांच्या डब्यांवरूनच बोलणार होती. दुपारी तेही गप्प झाले. काका शोधत निघाले, तर दुकान आणि माझी खोली यांच्या मधल्या घरच्या म्हाताऱ्या काकींनी माझ्या खोलीकडचा डबा पूर्वेला फिरवलेला.

"दक्षिणेला तोंड करून घरावर काय टांगायचं नाय. यमाची दिशा ती."

"अगं काकी, पोराची आई दवाखान्यात हाय!"

"मग पूर्वेकडनं बोला."

काकांनी डबा सोडवून हातात घेतला. "टांगत नाय. हातात धरला तर चालंल?"

काकींनी विचार केला. "धरलेल्याला दोष नाय."

मग दोन तास काका उन्हात, शिडीवर, डबा दक्षिणेला धरून उभे. हात भरून आला की बहिणीचा आवाज तुटायचा; काकांनी हात बदलला, हे मला खोलीत बसून कळायचं. शेवटी काकीच छत्री घेऊन वर गेल्या, तर काका ओरडले, "डोक्यावर धर, डब्याम्होरं नको!" तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "आई शुद्धीवर आली रे."

आता टॉवर चालू आहे. डब्यांकडं कुणी बघत नाही. काका अजून ते पुसायला चढतात, पण अर्ध्या शिडीवर दम खायला थांबतात. मी दिसलो की वरूनच विचारतात, "आई काय म्हणतेय?" आई म्हणते, मला तो माणूस बघायचाय. एवढ्या लांबचा प्रवास तिला अजून झेपत नाही. पण एक दिवस तिला घिवलीला आणणार आणि काकांच्या समोर उभी करणार, हा माझा शब्द.