पूल कुठे आहे, विचारणारा हस्तबीर

हस्तबीर परियार काठमांडूपासून दूर, डोंगरातल्या आमच्या सिमलडांडा गावचा शिंपी. कपडे शिवायचे आणि लग्नात सनई वाजवायची, ही त्याच्या जातीची दोन कामं. सनई अशी वाजवायचा की नवरीच्या आधी वऱ्हाडीच डोळे पुसायचे. पण ज्यांच्या अंगणात वाजवायचा, त्यांचा उंबरठा त्यानं कधी ओलांडला नव्हता. पाणीसुद्धा वरून ओतलेलं प्यायचा. मी इथल्या शाळेत मास्तर, जातीनं बाहुन, म्हणजे ब्राह्मण. आमच्या घरीही त्याला असंच वागवलं, हे आधीच सांगितलेलं बरं.

राजाविरुद्धच्या चैत्रातल्या आंदोलनात तो पहिल्या दिवसापासून मोर्च्याच्या पुढे सनई वाजवत होता. बाराव्या दिवशी पोलिसाची लाठी तोंडावर बसली. समोरचे दात गेले, ओठ फाटला, सनई कायमची सुटली. त्याच दिवशी डिल्लीराम नावाचा एक बाहुन विद्यार्थी, ज्याच्यामागे पोलीस लागले होते, हस्तबीरच्या घरात लपायला आला. आठवडाभर राहिला. हस्तबीरच्या बायकोनं, सुकमायानं केलेला ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि गुंद्रुकचा, आंबवून वाळवलेल्या पाल्याचा रस्सा त्यानं चुलीपाशी बसून खाल्ला.

"मास्तर, त्या पोरानं आमच्या चुलीपाशी दुसऱ्यांदा वाढून मागितलं," हस्तबीर मला नंतर म्हणाला, "तेव्हा कळलं, आपण कशासाठी मार खाल्ला ते."

पुढे राजा गेला, गणराज्य आलं. डिल्लीराम निवडून आला. आमच्या नदीवर पूल बांधीन, हे त्याचं पहिलं वचन. पायाभरणी तीनदा झाली. तिन्ही वेळा हस्तबीर आपल्या खर्चानं ढोल घेऊन गेला. पूल मात्र झाला नाही. पलीकडच्या काठावरच्या कॉलेजात जाणारी पोरं तारेला टांगलेल्या फळीवर बसून, हातानं दोर ओढत नदी पार करायची. आषाढात एकदा कप्पी निखळली. फळीवर हस्तबीरची मुलगी मनसरा होती. एकोणीस वर्षांची. पाच दिवसांनी खाली वाळूत सापडली.

तेराव्यानंतर जगतबहादूर शाही त्याच्या दुकानात आले. त्यांचे वाडवडील इथले मुखिया. राजाला परत आणा म्हणणाऱ्यांचा मोर्चा निघायचा होता. मी शर्टाचं माप द्यायला बसलो होतो.

"हस्तबीर, तू पुढे चल," शाही म्हणाले. "पोरीचा फोटो हातात धर. लोकांना दिसू दे, या चोरांनी काय केलं."

"चोर आहेत, खरंय."

"मग? राजा असता तर असं झालं असतं?"

हस्तबीरनं मशीन थांबवलं. "मुखियाबा, माझा आजा ह्याच तारेवरून जायचा. पूल तेव्हाही नव्हता. फरक एवढाच की तेव्हा विचारायची सोय नव्हती."

"आता विचारून काय मिळालं तुला?"

"अजून कुठे विचारलंय? आता विचारतो."

शाही चहा न घेताच उठले. तसा त्याच्या हातचा चहा त्यांनी कधी घेतलाच नसता.

मग हस्तबीर माझ्याकडे आला. माहिती मागायचा हक्क कायद्यानं दिलाय म्हणतात, तर अर्ज लिहून द्या म्हणाला. मी लिहिला. साक्षीदाराच्या जागी सही कराल का, असं त्यानं विचारलं. माझी बदली रखडलेली होती, डिल्लीरामच्या पक्षाच्या माणसांच्या हातात होती. मी म्हणालो, "माझी कशाला, घरच्या कुणाची चालेल." सुकमायानं अंगठा दिला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. कागदोपत्री पूल पूर्ण होता. रहदारी सुरू होती.

ज्येष्ठात गणराज्य दिन आला. शाळेच्या मैदानात मंडप, पताका, डिल्लीराम प्रमुख पाहुणा. राष्ट्रगीत झालं. हस्तबीर ताठ उभा राहून, दात नसलेल्या तोंडानं सगळं म्हणाला. मग तो कागद घेऊन व्यासपीठासमोर गेला.

"डिल्लीरामजी, पूल कुठे आहे?"

"दाई, तुम्ही माझे मोठे भाऊ, आज आनंदाचा दिवस आहे. ऑफिसात या, बोलू."

"ऑफिसात चारदा आलो. ह्यात लिहिलंय, लोक पुलावरून जातायत. कोण जातंय ते सांगा, म्हणजे मी घरी जातो."

कुणीतरी मागून ओरडलं, "ए, शाहीचा माणूस आहे हा. राजावादी."

हस्तबीर वळला. ओठावरच्या व्रणाला बोट लावून म्हणाला, "हे मला राजानं दिलंय. तू तेव्हा रांगत होतास."

थोडे लोक हसले. डिल्लीरामही हसला, पण त्यानं मान खाली घातली होती. चार तरुणांनी हस्तबीरला दंडाला धरून बाहेर नेलं. मारलं नाही. मी शिक्षकांच्या रांगेत बसलो होतो. उठलो नाही.

चौकशी लागली. एका ओव्हरसियरची बदली झाली. पुढच्या निवडणुकीत डिल्लीराम पुन्हा आला, राज्यमंत्री झाला. दसऱ्याला त्यानं पक्षातर्फे हस्तबीरकडे शाल पाठवली. सुकमायानं ती आणणाऱ्याच्याच खांद्यावर टाकली.

शाळेच्या गणवेशाचं काम हस्तबीरकडून काढून घेतलं. पक्षाचे लोक येईनात, शाहींचे तर कधीच बंद झाले होते. साठी ओलांडलेला माणूस मशीन विकून काठमांडूला गेला, एका कारखान्यात जाकिटांना चेन शिवतो. जाण्याआधी दुसरा अर्ज टाकून गेला होता. त्याचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. मी फोनवर वाचून दाखवलं: प्रकरण विचाराधीन आहे.

मागे मशिनींची घरघर ऐकू येत होती.

"हस्तबीर, सोड आता," मी म्हणालो. "तुला वाटत नाही कधी, उगाच गेले आपले दात?"

"नाही वाटत," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतं, मास्तर?"

मी ते पत्र घडी करून पाकिटात घातलं.

"तिसरा लिहा," तो म्हणाला. "ह्या वेळी सही तुमची असू दे."

मी हो म्हणालो. अर्ज लिहून झालाय. दोन आठवडे टेबलावर पडून आहे. साक्षीदाराची जागा कोरीच आहे.