कवडू मिस्त्रीनं शेठची मोटार धुतली, आतून

खरं सांगा, तुमच्या दारात मोटार असेल तर तिच्या पोटातलं जुनं तेल तुम्ही शेवटचं कधी बाहेर काढलं? वरून फडकं मारता, दिव्यांना हळदकुंकू लावता, चाकाखाली लिंबू चिरडता. आत काय साचलंय ते बघायची तुमची छाती होत नाही. राहू द्या, उत्तर नका देऊ. मी सिंदी रेल्वे गावच्या मोतीलाल शेठची मोटार पाहिलेली आहे.

पण ही गोष्ट शेठची नाही. शेठची तारीफ लिहायला त्याचे पगारी लोक आहेत. ही कवडू मिस्त्रीची आहे.

कवडू आमच्या बस्तीतला. लढाईच्या काळात पुलगावला लष्करी लॉऱ्यांखाली पडून पडून मिस्त्री झाला, आणि मग मोतीलाल शेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिनावर लागला. उंची बेताची, मिशी मापाबाहेर. इंजिन चाललं की ते त्याच्या हातगुणानं चाललेलं असे आणि बंद पडलं की इंग्रजाच्या नालायकीनं. इंग्रज कधीचा बोटीत बसून गेला, तरी कवडूच्या शिव्या त्याला पोचत होत्या. त्याची बायको पंचफुला म्हणायची, हा माणूस मेल्यावर यमालाही सांगेल की तुझ्या रेड्याचा आवाज बरोबर येत नाही, जरा खोलून पाहू दे.

छप्पन सालचा पावसाळा ओसरला आणि खबर पक्की झाली की दसऱ्याला नागपुरात दीक्षा. बस्तीत मग दुसरं बोलणंच नाही. बायांनी जुनी लुगडी, धोतरं, सदरे धुण्याच्या सोड्यात उकळून पांढरे करायला घेतले. कोणी रेल्वेनं जाणार होतं, कोणी पायी. अडला तो एकटा कवडू. त्याची माय धुरपता उन्हाळ्यात पडली होती, कंबर गेली होती, तेव्हापासून खाटेवर. रेल्वेच्या त्या रेट्यात तिला घातली असती तर चटणी झाली असती. बैलगाडीत घालून पाहिली, तर गावाची वेस ओलांडायच्या आत ती इतकी ओरडली की बैलच थांबले.

जन्मभर दुसऱ्याच्या देवळाबाहेर उभं राहून तिचे पाय दुखले होते, आणि धर्म बदलायचा तर स्वतः जाऊन बदलायचा, हे तिनं ठरवलं होतं. कवडूला तिनं साफ सांगितलं, "कवड्या, मले नेलं नाई तर मी इथंच मरतो. अन् जुन्याच धर्मात मरतो. मंग बस जन्मभर तोंड पाहात."

मायनं अशी धमकी दिल्यावर माणूस काय करील?

शेठची मोटार होती. होती म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. विलायती, लांब नाकाची, आत मखमली गादी. फक्त चालत नव्हती. मागच्या दसऱ्याला पूजेसाठी ती दारात आणायला तिला बैल जुंपले, आणि बाजारातली पोरं मागून ओरडत गेली की पोळा आला, पोळा आला. शेठला ते फार लागलं होतं. नागपूरच्या मोटार-कारखानदारानं नाडी बघून सांगितलं होतं की इंजिन मेलं, दुसरं बसवा.

इंजिन मेलं नव्हतं, त्याला भक्तीनं मारलं होतं. तेल जमिनीवर सांडलं तर शनी मागे लागतो, ही शेठची पक्की समजूत. त्यामुळे जुनं तेल काढायचं नाही, वरून ओतत राहायचं. वर दर दसऱ्याला मोटारीची पूजा झाली की स्वतःच्या तेलघाण्यातलं जवसाचं तेल, शुद्ध, ताजं, लोटाभर इंजिनाच्या तोंडात नैवेद्य म्हणून. जवसाचं तेल काय करतं ते कुठल्याही सुताराला विचारा. दाराला लावलं की वाळून त्याचं कातडं होतं. शेठनं वर्षानुवर्षं मंत्र म्हणत इंजिनाला आतून वार्निश मारलं होतं.

कवडू शेठच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, दसऱ्याला मोटार तुमच्या दारात तिच्या पायानं आणून उभी करतो. पूजा झाली की त्या दिवसापुरती माझी. मायला नागपूरला न्यायची आहे. शेठ हसला. ती चालणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून चार माणसांदेखत शब्द देऊन मोकळा झाला. अट एकच घातली, तेलाचा थेंब जमिनीवर पडता कामा नये.

कवडूनं खालचा बोल्ट काढला. काही पडलंच नाही. तार घालून खुपसलं तर काळा दोरा लोंबला आणि तसाच लोंबत राहिला. मग त्यानं इंजिनाचं खालचं चेंबर उतरवलं. त्यात खरवसासारखा थरथरणारा काळा गोळा बसला होता. तो घमेल्यात धरला, शेठच्या शनीसाठी. घासलेटनं वरचा चिखल गेला, पण खाली तपकिरी कातडं धरलेलं होतं, ते हलेना. तेल ज्या जाळीतून वर ओढलं जातं ती जाळी पापडासारख्या थरानं बुजलेली. कवडूनं खरवडलं, घासलं, चाकूचं पातं मोडलं, इंग्रजाचा खानदानी उद्धार केला. जिनिंगमधला एकजण म्हणाला, घासलेट ओत आणि दे चालू करून, आपोआप सुटेल. कवडूनं त्याला हाकललं. सुटेल आणि त्या जाळीत जाऊन बसेल, वर तेलाचा थेंब पोचणार नाही आणि इंजिन कोरडं जळेल, हे त्याला कळत होतं. मग करायचं काय, हे मात्र कळत नव्हतं. दसरा तोंडावर आला आणि हा ती जाळी घरी आणून मांडीवर घेऊन बसला, मेलेलं पाखरू घेऊन बसावं तसा.

पंचफुला अंगणात अर्ध्या पिंपात कपडे उकळत होती. तिनं एकदा जाळीला नख लावून पाहिलं. जवसाच्या दिव्याला धरतं तेच हे कीट, हे तिला वासावरून कळलं. दिवा ती सोड्याच्या पाण्यात उकळून काढत असे. तिनं जाळी नवऱ्याच्या हातातून घेतली आणि टाकली पिंपात. कवडू ओरडत उठला. "अजी, बसा न चूप," ती म्हणाली. "इंजिन तुमचं असन, कीट माया ओळखीचं हाय."

बराच वेळ उकळल्यावर काठीनं जाळी वर काढली तर कातडं सालपटासारखं सुटत होतं. जाळी निघाली लख्ख. फक्त कवडूचा दीक्षेचा पांढरा सदरा त्याच पिंपात होता, तो निघाला चहाच्या रंगाचा.

मग चेंबर, झाकणं, जे जे लोखंडी खोलून काढता आलं ते सगळं सोड्यात गेलं. काढल्याबरोबर गोड्या पाण्यानं धुवायचं, उन्हात वाळवायचं, लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज. जे इंजिनाला चिकटूनच राहणार, त्याच्या बारीक वाटा सायकलच्या तारांनी टोकरून काढायच्या. सगळं जोडून आधी पातळ तेल घातलं, हँडलनं फिरवलं, काढलं, काळं आलं, पुन्हा घातलं. स्वच्छ उतरायला लागलं तेव्हा खरं तेल भरलं. ही सोड्याची युक्ती आपण पुलगावला शिकलो, असं कवडू आजही छातीठोक सांगतो. पंचफुला तेव्हा त्याच्या सदऱ्याकडे बघते.

दसऱ्याच्या भल्या पहाटे त्यानं हँडल मारलं. मोटार शिंकली, खोकली, शेडभर निळा धूर सोडला आणि चालू झाली. बाजारातून ती शेठच्या दारी आली तेव्हा पोळ्याचं नावही कोणी काढलं नाही. शेठच्या डोळ्यांत पाणी. हार घातला, नारळ फोडला, आणि पुढे आला तो लोटा. जवसाचं तेल. कवडूनं इंजिनाच्या तोंडावर पंजा ठेवला आणि सांगितलं, देवाला पाजायचं तर देवाला पाजा, हिला नाही. शेठनं मग ते चाकावर सोडलं.

मग कवडू म्हणाला, आता मायला आणतो.

शेठ घुटमळला. एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा आत माजघराकडे. "ने ना, जुबान दिली हाय," तो म्हणाला. "पण बुढीले खाली बसव, पायाजवळ. गादीवर नको. आमच्या घरच्या बाया बसतात तिथं."

बघा हा न्याय. कवडूचे हात खांद्यापर्यंत मोटारीच्या पोटात होते, तेव्हा मोटार बाटली नाही. तिची घाण त्यानं तोंडावर झेलली, तेव्हा बाटली नाही. आणि त्याची म्हातारी वर टेकली की बाटणार.

कवडूच्या हातात तेव्हा मोठा पाना होता आणि डोकं त्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं दोन पावलं मागे सरली. कवडूनं मागचं दार उघडलं. खाली वाकून खिट्ट्या सोडवल्या आणि मखमली गादी अख्खी उचलून काढली. ती ओट्यावर नेऊन शेठपुढे नीट ठेवली.

"घ्या शेठजी, हे तुमची गादी. पूजा इचीच करजा. मोटार येते संध्याकाळी."

शेठ कुंकवाचं ताट धरून उभाच. म्हणतात, हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून त्यानं शेवटी गादीला कुंकू लावलं. मी पाहिलं नाही, मी तोवर मोटारीमागे धावत होतो. पण न लावायला शेठ काही असा तसा भाविक नाही.

बस्तीत बायांनी गोधड्यांवर गोधड्या टाकून मागची जागा भरून काढली आणि धुरपताबाईला वर बसवलं. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, काचेला नाक. बुटीबोरीपर्यंत ती गप्प होती. कवडूला वाटलं माय भारावली. मग मागून आवाज आला, "कवड्या, जरा हळू घे. लोकं मले पाहून राह्यले, त्यायले नीट पाहू दे."

नागपुरात मोटार मैदानापर्यंत जाणं शक्यच नव्हतं, एवढी माणसं. मोटारीच्या पायरीवर उभं राहून आलेल्या आम्ही चौघांनी तिला गोधडीत उचलून नेलं. ती जे म्हणायचं ते म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, आजूबाजूच्यांना खेकसून म्हणायला लावलं. बाकी त्या दिवसाचं मी काय सांगू? ज्यांना कळलं त्यांना कळलं.

संध्याकाळी मोटार परत शेडमध्ये लावली तर शेठचा माणूस गोमूत्राचा तांब्या घेऊन तयार. कवडूनं त्याला थांबवलंही नाही. एवढंच म्हणाला, "बाहेरून शिंपडून काय होते? आतून मीच धुतली हाय."

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावर त्याला आत सोडलं नाही.

आता तो रेल्वे फाटकाजवळ बाभळीखाली बसतो. पाने, पिंप, सोडा आणि त्या गोधड्यांपैकी एक, मोटारीखाली पडायला. धुरपताबाई शेजारी खाटेवरून गिऱ्हाइकांना शिव्या देते. काम भरपूर आहे. हिंगणीपासून लॉऱ्या येतात, शेठलोकांच्या मोटारीही येतात. फक्त त्या दिवेलागणीला येतात, मागच्या नाल्याच्या वाटेनं, दिवे बंद करून, आणि धुऊन झाल्या की तशाच चोरासारख्या निघून जातात.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. तुमची मोटार घेऊन जाल तेव्हा भर उन्हात जा, भर बाजारातून जा, आणि मोतीलाल शेठच्या ओट्यासमोर हॉर्न वाजवत जा.