निडीच्या उतारावरचे धोंडे

काल निडीच्या रस्त्यावर डोंगराची चिकण माती येऊन पडली. तिचा ओला वास आला आणि त्याच उभ्या उतारावर वाकून नाचणी लावणारी माझी आत्या आठवली. लहानपणी तिच्या मदतीला गेले होते. रोपाआड आलेला धोंडा मी उचलला, तशी ती ओरडली, "कुठं टाकतेस गो? ठेव परत. ही माती भिजली का साबणावानी सरकते. धोंड्यांनीच धरलीय तिला."

आता तिथं बंगल्यांचे प्लॉट पाडलेत. जेसीबीनं धोंडे उपसले, त्यांचीच कंपाउंडची भिंत बांधली. तीही काल मातीबरोबर खाली आली. आणि बिल्डरचा माणूस वर तोंड करून मला सांगतो, "मॅडम, इथली मातीच खराब हाय."

खराब म्हणे! याच मातीनं आत्याला जन्मभर नाचणी खाऊ घातली. तेव्हा ती ओंजळभरसुद्धा कधी रस्त्यावर आली नव्हती.