शेवटच्या पानासाठी थांबलेली पंगत

माझे थोरले साडू विनायकराव १४ जानेवारी २००६ रोजी सकाळी नऊच्या सुमारास महाडला वारले. जवळ माझी मेव्हणी, त्यांचा मुलगा आणि मी होतो. उशाखालच्या पाकिटात चारशे दहा रुपये निघाले. इतकी वर्षं कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलेल्या माणसाकडे एवढेच, असं भेटायला येणारे एकमेकांना सांगत होते. खरं आहे. त्यांनी कुणाचा एक रुपया खाल्ला नाही. माझा राग त्यासाठी नव्हताच... आणि माणूस गेला म्हणून तो गेलेलाही नाही.

नाते गावात, आमच्या सासुरवाडीला, कुठलंही कार्य असलं की पंगतीवर विनायकराव उभे. शेवटच्या पानावर भात, वरण, तूप पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. एखाद्याने बोट चाटलं तर 'सुरू झाली का पंगत?' एवढंच विचारायचे. लोकांना त्याचं कौतुक. कॉलेजातही त्यांनी हीच पंगत मांडली होती. सगळ्यांचे अर्ज एकाच गठ्ठ्यात जिल्ह्याच्या कचेरीत जायचे आणि एकाचा जरी दाखला कमी असला तरी गठ्ठा कपाटावर. नोकरीच्या सुरुवातीला एका त्रुटीमुळे अख्खा गठ्ठा परत आला होता म्हणे. तो अपमान त्यांनी पुढे दर वर्षी मुलांकडून वसूल केला.

१९९७ साली महाडला आमच्या मागच्या खोलीत सुगंधा भाड्याने राहत होती. पोलादपूरकडच्या आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाडीतली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती आली नव्हती, म्हणून फी थकलेली. आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेणार नाही असं कॉलेजने कळवलं. तिचे वडील धोंडूभाऊ पोलादपूरहून आले. मी त्यांना साडूंकडे घेऊन गेलो. गठ्ठा तुडील गावच्या एका मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर अडला होता.

"माझ्या पोरीचा कागद पुरा हाय ना, सायेब?"

"तिचा पूर्ण आहे. गठ्ठा पूर्ण नाही."

"मग तिचा तेवढा धाडा की."

"एकेकाचा पाठवायला हे काय किराणा दुकान आहे?"

"दुकान बरं, सायेब. मागच्याकडं सुटं नाय म्हणून तिथं पुढच्याची साखर अडवत नाय."

विनायकराव हसले. त्यांनी चहा मागवला. गठ्ठा हलला नाही.

मी तुडीलला चौकशी केली. तो मुलगा पहिलं वर्ष संपताच कॉलेज सोडून मुंबईला नोकरीला लागला होता. दाखला आणायला कुणी उरलंच नव्हतं. साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, "यादीवर प्राचार्यांची सही झाली आहे. आता नाव कसं काढू?"

फी मी भरतो म्हणालो. धोंडूभाऊ म्हणाले, "भाडं तीन म्हैन्याचं ऱ्हायलंय तुमचं. आनखी नको." परीक्षेच्या अर्जाची मुदत गेली. त्यांनी सुगंधाची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि त्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.

विनायकरावांच्या तेराव्याला नाते गावातच पंगत बसली. माझ्या पानावर भात आला, वाढपी पुढे गेला. सगळे हात आवरून बसलेले.

"भावजी, थांबा हं," मेव्हणी म्हणाली. "शेवटच्या पानावर यायचाय अजून. त्यांना आवडायचं नाही."

पंगतीत निदान शेवटच्या पानापुढे माणूस बसलेला असतो... मी भात कालवला आणि घास घेतला.

ती शिष्यवृत्ती दोन वर्षांनी आली होती, नव्या प्राचार्यांनी यादी पुन्हा टाइप करून घेतल्यावर. नऊशे साठ रुपये. सहीला स्वतः यावं लागेल असं विनायकरावांनी कळवलं, म्हणून सुगंधा मूल कडेवर घेऊन मुंबईच्या सासरहून आली. थकलेल्या फीचे सहाशे पन्नास कॉलेजने कापून घेतले. उरलेल्या तीनशे दहांपैकी दोनशे चाळीस तिने आमच्या दारात उभं राहून माझ्या बायकोच्या हातात ठेवले, तीन महिन्यांचं भाडं म्हणून. नको म्हटलं, तर "बाबांनी सांगितलंय" म्हणाली. सत्तर रुपये परतीच्या एसटीला ठेवले.